पाकटीचे दात

माझा नवरा खल्फान होडीवरून लंगडत घरी आला आणि म्हणाला, "शिंपला लागला पायाला." खजूर-कहवा पुढे ठेवला, तर हातही लावला नाही. पाऊल घोट्यापर्यंत सुजून टम्म झालं होतं. शिंपल्याने असं होतं का कधी?

"अहो, जाळ्यात काय आलं होतं?"

"ठिपक्यांची पाकट."

आमच्या सुवैक गावच्या समुद्रात ठिपक्यांच्या पाकटी, म्हणजे लांब शेपटीचे चपटे मासे, दोन जातींच्या. एकीच्या शेपटीला विषारी काटा असतो, दुसरीच्या नसतो.

"शेपटी कुठाय?"

"कापून टाकली समुद्रात. सगळेच टाकतात. बिनकाट्याचीच होती गं, उगाच डोकं खाऊ नकोस."

"सगळे टाकतात म्हणे! अक्कलही तिच्याबरोबर टाकलीत का?"

त्याचा पाय गरम पाण्यात बुडवला आणि किनाऱ्यावर धावले. वडील सांगायचे, ठिपक्यांवरून जात ठरवू नकोस, तोंड उघडून बघ. बिनकाट्याच्या पाकटीला दातांच्या पुष्कळ रांगा असतात, काट्याच्या पाकटीला एकच, रुंद. होडीत पडलेल्या पाकटीचा जबडा मी सुरीने फाकवला आणि आत बोट फिरवलं. एकच रांग. पुन्हा फिरवलं. एकच.

धापा टाकत परत आले. "काट्याची आहे! उठा, दवाखान्यात चला."

खल्फान उठला नाही. पाण्यातल्या पायाकडे बघत हळूच म्हणाला, "माहीत आहे मला. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. शेपटी टाकताना बघितलं मी. काटा अर्धाच उरला होता."