मंगळवारची माती

सोमवारी अंधार पडेपर्यंत आम्ही कांद्याची रोपं लावली, तरी वीस जुड्या उरल्याच. चूक माझी. उपटताना हाताला अंदाज राहिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार.

मंगळवारी माती झोपते. तिला टोचायचं नाही, उकरायचं नाही, शेतात मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही. आमच्या मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हा नेम साऱ्या गावानं उचललेला. त्या दिवशी शिवारावर अशी गुंगी चढते की पाखरंही दबकत उडतात. धुक्यात वाफे हळूहळू वर-खाली होताना मी स्वतः पाहिलेत, पांघरुणाखालच्या पोटासारखे. एरवी असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. पण पाहिलं ते पाहिलं.

रोपांना मात्र कुठला वार? ओल्या गोणपाटाखालीही त्यांनी माना टाकल्या होत्या. दुपारपर्यंत ती गेली असती आणि यंदा अर्धं रान मोकळं राहिलं असतं. मी तडक मामंजींच्या खाटेपाशी गेले.

"मामंजी, आज लावू द्या. माती झोपली तर झोपू दे, मी काय ढोल वाजवणार आहे?"

त्यांनी उशाची काठी जवळ ओढली.

"लाव. माती झोपत नाही. मीच उठवलेली आवई आहे ती."

मी खाटेपाशी खालीच बसले.

"तुझी सासू सातव्या महिन्यातही वाफ्यात वाकायची. बस म्हटलं, तर माझं ऐकेल तर शपथ! मग मातीचं नाव पुढं केलं. तेव्हा कुठं बांधावर माझ्याशेजारी बसली."

"त्यांना कधी कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेवटच्या आजारात म्हणाली, 'माती कुठं झोपते का हो? पण तुम्ही एवढं रचलंत, म्हणून बसले.' चाळीस वर्षं बसली, पोरी."

सगळ्या गावाला चाळीस वर्षं गप्प बसवणाऱ्या त्या दोघांचं मला हसू आलं.

धुकं अजून विरलं नव्हतं. मी एकेक रोप मातीत दाबत गेले. थोड्या वेळानं मामंजी काठी टेकत आले आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून बांधावर बसले. कंबर मोडून आली तेव्हा मी रिकामी टोपली त्यांच्याशेजारी ठेवायला गेले.

"तिथं नको गं," ते म्हणाले.