हाताचा अंदाज

पाईप लावला जावयाने, नट फुटला, आणि दोष स्वतःवर घेऊन बसले सासरे. आता बोला!

झालं असं. दोघं एकाच वर्कशॉपात, एकाच मिलिंग मशीनवर. व्हाइसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या शिकंज्यात, लोखंड पकडायचं तर हँडल हातानेच आवळायचं, हा सासऱ्यांचा दंडक. "पाईप चढवून आवळणाऱ्याकडे नुसतं बळ असतं, हात नसतो," म्हणायचे. एके दुपारी ते जेवायला गेले आणि जावयाला घाई सुटली. जास्त जोर मिळावा म्हणून हँडलवर लांब पाईप चढवून त्याने रेटलं. आत काहीतरी कडकन वाजलं. शहाण्याने पाईप कोपऱ्यात ठेवला आणि मुकाट जेवायला गेला. परतल्यावर सासऱ्यांनी हँडल आवळलं, तर ते नुसतंच गरगर फिरलं. खोलून बघितलं तर हँडलचा स्क्रू ज्यात फिरतो तो आतला नट फुटलेला. "माझ्या हाताला अंदाज राहिला नाही," एवढंच म्हणाले. याच्या तोंडून ब्र निघाला नाही.

तेव्हापासून म्हाताऱ्याने मशीनला हात लावला नाही. घरी बायको म्हणाली, "बाबा दोन दिवसांपासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. काय झालंय त्यांना?" हा ताटावरून उठला.

नवा नट मी करतो, म्हणाला. तेवढीच भरपाई, अशी मनाची समजूत घातली. जुन्या स्क्रूवरून मापं घेतली, गनमेटल धातूचा तुकडा लेथवर बांधला आणि आतले आटे कापायला घेतले. दोन तुकडे वाया गेले. नट फुटल्याच्या पाचव्या दिवशी तिसरा स्क्रूवर अलगद फिरला.

सासऱ्यांनी करंगळी आत घालून आटे चाचपले. "माझ्यापेक्षा सरस झालंय. आता मी घरी बसायला मोकळा." खिशातला बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. तीस वर्षं कुणाला शिवू दिला नव्हता तो.

कानाखाली बसली असती तरी परवडलं असतं. त्याला खूप लाज वाटली.

"बाबा, नट मी फोडला. पाईप लावून. तुम्ही जेवून यायच्या आधीच फुटला होता तो."

सासऱ्यांनी मायक्रोमीटर त्याच्या हातावरून उचलून परत खिशात घातला. नवा नट बसवला, लोखंडाचा तुकडा धरला आणि एका हाताने हँडल आवळलं. हात जराही कापला नाही.

"घरी चल," ते म्हणाले. "मी पाच दिवस कप दोन्ही हातांनी का धरत होतो, ते माझ्या मुलीला तूच सांग."