नदीपलीकडचं विरजण

थंड खोलीचं दार उघडताच मार्लिसला आंबूस वास आला. गारव्याचं यंत्र बंद पडलं होतं. डब्यांतलं यीस्ट नासलं होतं. दह्याला विरजण तसं बिअरला यीस्ट, आणि हॅबेक ब्रुअरीचं हे विरजण तिच्या पणजोबांपासून एका घाण्यातून दुसऱ्यात जिवंत चालत आलेलं. ते नेमकं तिच्या हाताखाली मेलं.

तिचे वडील एमेट काठी टेकत आले. डबा हुंगून त्यांनी झाकण लावलं.

"मिलवॉकीहून तयार यीस्टचं पाकीट मागवते," ती म्हणाली.

"मागव की. बिअर होईल. आपली होणार नाही."

"मग काय करू, पप्पा?"

"नदीपलीकडे जा. ऑर्विल डोम्ब्रोव्स्कीकडे."

"त्याच्याकडे? त्याच्या बिअरला आपण भांड्यांचं पाणी म्हणतो!"

"म्हणून तर तोंड सांभाळून जा."

दोन काठांवरच्या दोन ब्रुअरींची ही काही साधीसुधी चढाओढ नव्हती. अलीकडच्या गावात कुणी डोम्ब्रोव्स्की मागितली, तर बारवाला निमूटपणे नळाचं पाणी पुढे करी. पलीकडची मुलगी इकडे दिली की लग्नाच्या हॉलमध्ये दोन पिंपं दोन टोकांना ठेवावी लागत, नाहीतर व्याही व्याह्याच्या उरावर बसे. दोन्हीकडच्यांचा आपल्या बिअरवर इतका जीव, की शिकागोला गेलेली पोरं सुट्टीला आली की आईच्या आधी बारमध्ये जात.

मार्लिस पूल ओलांडून गेली तेव्हा ऑर्विल रबरी बूट घालून फरशी धूत होता. सत्तरी उलटलेला, पण आवाज खणखणीत.

"हॅबेकची पोर माझ्या दारात! नदी उलटी वाहायला लागली की काय?"

"आमचं यीस्ट मेलं," ती कशीबशी म्हणाली.

त्याने पाण्याचा नळ बंद केला. थट्टा तिथेच थांबली. एक शब्द न विचारता त्याने दुधाचा मोठा रिकामा कॅन उकळत्या पाण्याने विसळला, आपल्या यीस्टने काठोकाठ भरला आणि तिच्या गाडीत स्वतः नेऊन ठेवला.

"पण याने आमची बिअर तुमच्यासारखी लागेल ना?" तिला राहवलं नाही.

ऑर्विल मोठ्याने हसला. "अगं, मोठ्या पुरात आमचं सगळं वाहून गेलं, तेव्हा तुझा आजोबा होडीतून यीस्टचे दोन कॅन घेऊन आला होता. हे तुमचंच आहे, पोरी. आमचं फक्त पाणी आणि माल्ट. बारमध्ये बोलू नकोस हं, माझी खिडकी फोडतील."

परतीच्या वाटेवर ती कॅनकडे सारखी बघत होती. ज्या बिअरला जन्मभर नावं ठेवली, तिच्यात आपलंच घर नांदत होतं!

त्याच दुपारी हौदातल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, निवलेल्या काढ्यात तिने ते ओतलं. संध्याकाळी काहीच हालचाल नाही. सकाळी हौदाचं झाकण सरकवलं आणि ती जागच्या जागी थिजली. पांढराशुभ्र फेस फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखा फुलून काठाच्या वर आला होता. आत बारीक सळसळ चालली होती. कुणी ढवळलं नव्हतं, कुणी तापवलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारे जीव रात्रभर खपले होते. पणजोबांनीही इथेच उभं राहून हेच पाहिलं असेल, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

एमेट शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

"पप्पा, ऑर्विलने पुराचं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं?"

"ती होडी मीच वल्हवत होतो."

"मग काल बोलला का नाहीत? मी मान खाली घालून पूल ओलांडला!"

"सांगितलं असतं तर तू आपलं परत मागायला गेली असतीस." त्यांची नजर फेसावरून हलली नाही. "त्या दिवशी ऑर्विलच्या बापाने काही मागितलंच नव्हतं. तो चिखलात नुसता बसून होता. माझ्या बाबांनी दोन्ही कॅन त्याच्या पायाशी ठेवले आणि मला म्हणाले, 'हे आता त्यांचं.'"