राष्ट्रभाषेची परीक्षक

संविधान न वाचताच मी एकदा भर सभेत संविधान सांगितलं, आणि पहाटेच्या नीरव रानात मोहफुलं टपटपावीत तसा ओघळणारा सोमाबाईचा आवाज जागच्या जागी थांबवला. मूर्खपणाला वय नसतं म्हणतात. माझ्या मूर्खपणाला तेव्हा ऐन तारुण्य होतं, कांजी केलेली साडी होती आणि छातीवर परीक्षकाचा बिल्ला होता.

माजरीकडच्या खाणीच्या वसाहतीत सप्टेंबरात राजभाषा पखवाडा भरे. फलकावर ठळक 'राजभाषा' लिहिलेलं असे; मी त्याच फलकाखाली बसून 'राष्ट्रभाषा, राष्ट्रभाषा' करत असे. माझी हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी दिलेली 'है'ची फोडणी. तरी बायकांच्या गीतस्पर्धेला परीक्षक कोण, तर मीच!

सोमाबाई माझी शेजारीण, चामोर्शीकडच्या रानातून लग्न होऊन आलेली गोंडाची लेक. कोळशाच्या धुळीनं दुपारसुद्धा सावळी होणाऱ्या त्या वसाहतीत ती धानाच्या बांधीसारखी ओलसर, हिरवी वाटे. बोलण्याआधी तिची मान किंचित कलायची, दाणा भरलेली लोंबी कलते तशी. आणि लहानग्या लेकीला मांडीवर घेऊन ती गोंडीत गुणगुणू लागली, की आमच्या दोन घरांमधली भिंत जणू विरघळून जाई आणि अर्थ न कळताही माझ्या हातातलं काम मंदावे.

त्या दिवशी तिनं तेच गाणं मंचावर आरंभलं. लेक पुढच्या सतरंजीवर बसून ओठ हलवत होती. दुसरी ओळ पुरी होण्याआधीच मी हात उंचावला.

"सोमाबाई, हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे. संविधानातच लिहिलंय. ही बोली सोडा आता, घरीसुद्धा पोरीशी हिंदीच बोलत जा. भलं होईल तिचं."

टाळ्या पडल्या. मला तर वाटलं, देश माझ्याच पदराला धरून चाललाय! सोमाबाई मंचावरून उतरली, लेकीचं बोट धरून निघून गेली. त्या संध्याकाळपासून भिंतीपलीकडून मोडकी, चाचपडणारी हिंदी येऊ लागली. "बेटी, पानी लाव. बेटी, इथी बैठ." गाणं मात्र पुन्हा आलं नाही, आणि मी खुळी भिंतीअलीकडे समाधानानं मान डोलावत राहिले.

यंदा वकिली शिकणाऱ्या नातीसमोर मी तोच पाठ म्हणून दाखवला. ती खो खो हसली.

"आजी, हिंदी संघराज्याच्या कारभाराची भाषा हाय, राजभाषा. राष्ट्रभाषा म्हणून संविधानात एकाही भाषेचं नाव नाई. तू कुठी वाचलं होतं?"

कुठी वाचणार! ऐकलेलं, मिरवलेलं, आणि दुसऱ्याच्या घरात नेऊन पेरलेलं. लाज ही उशिरा पिकणारी गोष्ट आहे; पिकते तेव्हा शेत दुसऱ्याचं झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सोमाबाईकडे गेले. केस पिकलेली सोमाबाई अंगणात उन्हाला बसली होती, लेक आत आपल्या मुलाला हिंदीत गोष्ट सांगत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिची मान तशीच कलली. काळ माणसाची लकब तेवढी ठेवतो आणि तिच्यामागचा स्वर घेऊन जातो, हे मला तिथे दिसलं. मी घाईघाईनं म्हटलं, "तुमच्या पोरीले मीच सांगते, सोमाबाई. त्या दिवशी माझंच चुकलं होतं म्हणून."

ती हसली.

"सांगा नं, बाई. मी गोंडीत सांगतो त् तिले समजत नाई."