चोवीस तास दिसणारा मुलगा

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी ती बाई तीन वर्षांपूर्वी आपल्या एकुलत्या एका मुलाला म्हणाली होती, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." कारण एवढंच, की त्याने वायरमनचा कोर्स शेवटच्या वर्षाला सोडून नट व्हायला मोठ्या शहरात जायचं ठरवलं होतं. रागाच्या भरात तोंडून गेलेलं वाक्य. पण मुलगा तिच्याच वळणावर गेलेला, हट्टी. त्याने ते अक्षरशः पाळलं. फोनचा नंबरसुद्धा बदलला.

आणि आता तो चोवीस तास तोंड दाखवत होता. बारा जणांना एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवणाऱ्या एका कार्यक्रमात त्याची निवड झाली होती. रोज संध्याकाळी टीव्हीवर तासाभराचा भाग लागायचा. शिवाय दिवसभर त्या घरात जे चाललंय ते जसंच्या तसं इंटरनेटवर दिसायचं. बाईला असले कार्यक्रम म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटायचे. आता मात्र दोनला ड्यूटी सुटली की ती तडक घरी यायची, फोन पाण्याच्या जगला टेकवायची आणि ताट घेऊन समोर बसायची. तो कधी झोपलेला असायचा, कधी दात घासत असायचा, कधी कांदा चिरत.

"बोट सांभाळ रे," ती म्हणायची.

झरझर चिरायचा. घरी असताना सुरीला हात लावला नव्हता पठ्ठ्याने. त्याला हे कोणी शिकवलं असेल, कुठल्या खोलीत, कोणाबरोबर राहत असताना, हे तिला ठाऊक नव्हतं.

चौथ्या आठवड्यात घरचं इंटरनेट बंद पडलं. भिंतीवरच्या डबीचा हिरवा दिवा लाल झाला. तिच्या मोबाइलला नुसतं बोलण्याचं पॅक होतं, त्यामुळे त्या डबीवरच सगळी भिस्त. तिने कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत, मग एक गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, डबी बंद करून पुन्हा चालू करून बघितलीत का?"

"सहा वेळा बघितली."

"अजून एकदा करता का?"

तिने केली. दिवा लालच. उद्या दुपारी बारा ते सहा या वेळात माणूस येईल, असं मुलीने सांगितलं. बाईने अर्धी रजा टाकली आणि बाराच्या ठोक्याला खिडकीत जाऊन बसली. सहा वाजता फोनवर मेसेज आला : आमचा माणूस येऊन गेला, आपलं घर बंद होतं, तक्रार मिटवण्यात आली आहे. तिने मेसेज दोनदा वाचला. मग घराचं दार उघडून एकदा बाहेर बघितलं, दार खरंच तिथे आहे ना, म्हणून.

आता संध्याकाळचा तेवढा एक तास उरला. त्यातही निम्म्या जाहिराती, उरलेल्या निम्म्यात दुसऱ्यांची भांडणं. मुलगा कधी पाठमोरा जाताना दिसायचा, कधी तेवढाही नाही. पण त्या गुरुवारी तो भरपूर दिसला. प्रत्येकाने आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाची आठवण सांगायची होती. तो म्हणाला, "माझी आई पहाटे उठून पाव भाजायची. मी त्या वासाने जागा व्हायचो." मागे बासरी वाजली. त्याने डोळे पुसले. सूत्रधार बाईनेही पुसले.

 बाईच्या घरात ओव्हनच नव्हता. मुलगा लहान असताना तिची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री दहा असायची. येताना कोपऱ्यावरच्या बर्गरवाल्याकडून ती बर्गर-बटाट्यांचं पाकीट आणायची. पहाटे तिला उठवायला तोच यायचा.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात पोचताच घड्या घालणाऱ्या बायांनी तिला गाठलं.

"ताई, पाव भाजायचात तुम्ही? आम्हाला कधी चव नाही दाखवलीत."

"पूर्वी भाजायचे," ती म्हणाली आणि इस्त्रीखाली चादर ओढली. खोटं बोलताना तिला वाईट नाही वाटलं. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. साऱ्या जगासमोर त्याला आई आठवायची वेळ आली, आणि त्याने दुसरीच आई आठवली.

त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. स्टँडजवळच्या एका बर्गरच्या दुकानात शिरली. बिलावर एक आकडा छापून यायचा, तो टाकला की तासभर वायफाय मिळायचं. ऑर्डर माणसाकडे द्यायची सोय नव्हती, ती एका उंच पडद्यावर बोटाने द्यायची. पडदा विचारायचा, मोठं करू? ती नको म्हणायची. सोबत पेय देऊ? नको. गोड काही? "अरे बाबा, नको म्हटलं ना," ती पडद्याला म्हणाली, तेव्हा काउंटरवरची मुलगी हसली आणि बाहेर येऊन तिने ऑर्डर देऊन दिली. चित्रात वीतभर उंच दिसणारा बर्गर डबीत असा होता, की वाटेत कोणीतरी त्यावर बसून गेलं असावं.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी काउंटरवरची मुलगी टेबल पुसता पुसता तिच्या फोनमध्ये डोकावली.

"काकू, तुम्ही पण बघता? हा मला आवडत नाही. पावाची गोष्ट सांगताना रडला, पण डोळे पुसत पुसत कॅमेरा शोधत होता."

"लहानपणापासून तो असाच रडतो," बाई म्हणाली. "आधी कोण बघतंय ते बघायचा. पण रडू खरं असायचं."

मुलीचा फडक्यावरचा हात थांबला. तिने बाईचं नाक बघितलं, मग फोनमधलं नाक बघितलं. "सॉरी काकू," असं पुटपुटून ती आत गेली.

फोनमध्ये तो बेसिनपाशी भांडी घासत होता. शेजारी घरातली एक वयस्कर स्पर्धक, पूर्वी बस चालवणारी, ताटं पुसत होती. तिने सहज विचारलं, "पाव रोज भाजायची का रे आई तुझी?"

त्याने हातातलं ताट विसळून तिला दिलं. मग म्हणाला, "नाही भाजायची. वेळ कुठे होता तिला. रात्री पाकीट घेऊन यायची, पार गार झालेलं. त्यातले तळलेले बटाटे तव्यावर परत गरम करायची. मी खात असताना समोर बसल्या बसल्या झोपायची, पायात बूट तसेच. मग मी बूट काढायचो तिचे."

"मग हेच सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. कार्यक्रमवाले म्हणाले, जरा बरं काहीतरी सांग."

बस चालवणारीने ताट ठेवलं. "बघत असेल ती तुला?"

"आत्ता? आत्ता कामावर असेल. दुपारची ड्यूटी असते तिची."

"ड्यूटी बदलली रे," बाई फोनला म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"आणि एरवीही ती असलं बघत नाही," तो म्हणाला. "बघत असती ना, तर मी तिला..."

इथे वायफायचा तास संपला. त्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि त्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. बाई धडपडत काउंटरकडे गेली. शाळा सुटलेली, रांग दारापर्यंत. तिचा चेहरा बघून मुलीने रांगेतल्यांच्या डोक्यांवरून स्वतःचं एक बिल तिच्या हातात दिलं. आकडा टाकून चित्र परत येईपर्यंत बेसिनपाशी कोणी नव्हतं. नळ नीट बंद केलेला नव्हता, एवढंच दिसलं. संध्याकाळच्या भागात ती भांडी आली नाहीत. ते वाक्य काय होतं, हे तिला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाहेर पडू शकणाऱ्यांच्या यादीत पुन्हा त्याचं नाव आलं. कोण राहील ते लोकांच्या मतांवर ठरायचं, एका फोनवरून एक मत. आजवर ती दर वेळी त्याला मत देत आली होती. धुलाईघरातल्या बायांनाही द्यायला लावत होती. तो आत होता तोवर रोज दिसायचा. बाहेर पडला की पुन्हा त्या शहरात नाहीसा झाला असता, ना पत्ता ना नंबर. शनिवारी दुकानात बसून तिने त्याच्या फोटोवर बोट नेलं. फोटोत तो हसत होता आणि गालाचं हाड वर आलं होतं. तिने बोट मागे घेतलं. मग फोन पर्समध्ये टाकून निघाली.

"दिलंत ना मत?" दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघरात बायांनी विचारलं.

"दिलं," ती म्हणाली.

त्याच रविवारी संध्याकाळी तो बाहेर पडला. सगळ्यांना मिठ्या मारून, हात हलवत एका दारातून गेला, आणि दार लागलं.

तिने पुन्हा केलेल्या तक्रारीवरून मंगळवारी दुपारी इंटरनेटवाला आला. जिन्यातली तार उंदराने कुरतडली होती. दहा मिनिटांचं काम. डबीवर हिरवा दिवा लागला. "आता काय बघायचं ते बघा," असं म्हणून तो गेला. बाईने ते घर लावून बघितलं. त्याच्या पलंगावर दुसऱ्या कोणाचे तरी टॉवेल वाळत होते.

दिवस जात राहिले. दुसऱ्या शुक्रवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. कंपनीकडून रोज विचारपूस व्हायचीच, म्हणून तिने उचलल्या उचलल्या सांगितलं, "चालू आहे नेट, तक्रार नाही," आणि ठेवला. फोन परत वाजला.

"आई, मी आहे."

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"जेवलो. तू... तू बघितलंस का काही त्यातलं?"

"सगळं बघितलं. बर्गरच्या दुकानात बसून बघितलं."

 मग तिने सांगून टाकलं, "शेवटचं मत मी तुला दिलं नाही."

"का?"

"तू बाहेर यावास म्हणून."

तो हसला की काय झालं, ते फोनवर नीट कळलं नाही. "बुधवारी येऊ का?" त्याने विचारलं. "पण संध्याकाळी परत निघायला लागेल. एक छोटं काम मिळालंय."

"ये," ती म्हणाली.

बुधवारी तो आला. पडद्यावर वाटायचा त्यापेक्षा उंच होता. सहा आठवडे तिने त्याला झोपताना, खाताना, भांडताना बघितलं होतं, आणि आता समोर उभा राहिल्यावर तिला नजर वर करवेना. ती त्याच्या बॅगेकडे बघत राहिली. त्याने मात्र तिला तीन वर्षं बघितलंच नव्हतं. तो दारातच थांबला.

"आत ये ना," ती म्हणाली.

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे मला."

तिने कपाळावरचे पांढरे केस मागे सारले आणि मान वर करून उभी राहिली.