कोरिनचा कागद

आमच्या उपनगरात दोन सरकारी हायस्कूलं आहेत. किती मुलं शेवटपर्यंत शिकून बाहेर पडली, याची दोन्ही शाळांची टक्केवारी जिल्ह्याचं शिक्षण खातं दरवर्षी शेजारीशेजारी छापतं, आणि लोक ती बघून घर कुठे घ्यायचं ते ठरवतात. तळ्याकाठची शाळा नेहमी वर, आमची खाली.

मी आमच्या शाळेत नोंदी ठेवते. यंदा शेवटच्या वर्षाला असलेली कोरिन प्रुइट कॅन्सरने गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "तिचं डेथ सर्टिफिकेट आणा. नाहीतर तिने शाळा सोडली असं धरतील, आणि आपली टक्केवारी घसरेल."

तिची आई ओडेसा आणि मी एकाच चर्चला जातो, म्हणून हे मेलं काम माझ्याच गळ्यात. मी घरी गेले तेव्हा ओडेसाने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"कागद दिला की काय करतील?"

"तिचं नाव मोजणीतून काढतील. मग आकडा खाली येणार नाही."

"म्हणजे ती तुमच्याकडे कधी नव्हतीच?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"नाही देत, जा," ती म्हणाली. "अगं, माझं घर रिकामं झालं, आणि तुमचा आकडासुद्धा हलायला नको?"