नुकतंच रंगवलेलं कुंपण

शितावरून भाताची परीक्षा घेतात, तशी आमच्या चिरंजीवांनी कुंपणावरून माझी घेतली. मागच्या खेपेला आला तेव्हा फाटकापाशी गाडी लावली, कुंपणावरून बोट फिरवलं, बोटाला चिकटलेला रंगाचा पोपडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बघ आई. तुझ्याच्यानं आता हे घर होत नाही. आमच्याकडे चल."

मी घर झाडते, पुसते, बागेला पाणी घालते, विजेचं बिल मुदतीच्या आत भरते. त्यातलं काही दिसलं नाही. दिसला तो पोपडा. "कुंपणाचं मी बघते," मी म्हटलं. त्यावर सूनबाई गाडीत बसल्या बसल्या हसली. कुचकट नाही हसली. लहान मूल 'मी विमान चालवणार' म्हणालं की आपण हसतो ना, तसं. मला तेच जास्त लागलं.

कुंपण काही थोडंथोडकं नाही. बागेच्या चारी बाजूंनी कमरेएवढ्या फळ्या आणि रस्त्याच्या बाजूला मधोमध फाटक. हे होते तोवर हेच रंगवायचे आणि दर वेळी मला सांगायचे, "तू लांब राहा, कपड्यांना लागेल." जन्मभर मी लांब राहिले. त्यामुळे ब्रश कसा धरायचा इथपासून सुरुवात.

रंगाच्या दुकानात गेले तर दुकानदार विचारतो, "घासून घेतलंय का? प्रायमर नेताय ना?" मला वाटलं, म्हातारी एकटी बघून गळ्यात मारतोय. मी नुसता हिरवा ऑइलपेंट घेऊन आले आणि मागच्या बाजूच्या फळ्यांवर भर उन्हात, जुन्या रंगावरच फासला. संध्याकाळपर्यंत त्याला सुरकुत्या पडल्या. माझ्या चेहऱ्यावर नसतील एवढ्या. दुसऱ्या दिवशी नखानं उचलून पाहिला तर दुधावरच्या सायीसारखा हातात आला. मुकाट्यानं परत दुकानात गेले. मला दारात बघूनच त्यानं पॉलिश पेपर, खरवडायची पट्टी आणि प्रायमरचा डबा काढून ठेवला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर निदान मला भांडता तरी आलं असतं.

मग खरवडायला बसले. रंगवणं म्हणजे मुळात खरवडणं, हे कुणी कुणाला सांगत नाही. एकेका फळीला दोन तोंडं, दोन कडा, वर टोक, आणि दोन फळ्यांमध्ये जेमतेम बोट जाईल एवढी फट. रात्री केस विंचरायला हात वर होईना. सकाळी पुन्हा पाट घेऊन कुंपणापाशी.

रस्त्याच्या बाजूला पोचले आणि आणखी एक शोध लागला. आपण हातात ब्रश घेतला की जाणारायेणारा प्रत्येक जण रंगारी होतो. एक म्हणे वरून खाली मारा, दुसरा म्हणे खालून वर. एक गृहस्थ उंट नव्हता म्हणून सायकलवरून शेळ्या हाकायचे. एक पाय जमिनीवर टेकून "फळीच्या कडा राहिल्या, आजी" असं म्हणायचे आणि निघून जायचे. शेजारच्या भाऊजींना मी मनातल्या मनात हवामानखातं म्हणते. ते रोज गच्चीतून सांगायचे, "वहिनी, आज नका लावू, पाऊस आहे." त्यांनी सांगितलं त्या दिवशी कधी थेंब पडला नाही, आणि निर्धास्त राहा म्हणाले त्याच दिवशी ओल्या रंगावर सरी आल्या. पण सगळ्यांत राग यायचा तो बायकांचा. "मुलाला सांगायचं ना, माणूस लावून दिला असता." अगं बायांनो, मुलाला दाखवण्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आणि येत गेलं हो. ब्रश पुरता बुडवायचा नाही, टोकच बुडवायचं, डब्याच्या काठाला निपटायचं. लाकडाच्या रेषांबरोबर हात न्यायचा. ओघळ आला की ओला असतानाच परतवायचा. मागची बाजू बघवत नाही, पण रस्त्याकडचं कुंपण असं झालं की सायकलवाले गृहस्थ एक दिवस काही न बोलता गेले.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "छान झालंय म्हणे गं कुंपण? फोटो पाठव ना." मला काय आनंद झाला सांगू. हवामानखात्याला बोलावून फोटो काढून घेतला. मागे कुंपण, पुढे मी, हातात ब्रश. लगेच उत्तर आलं: "मस्तच." दिवसभर मी ते उघडून बघत होते.

चार-सहा दिवसांनी हवामानखातं स्वतःच फाटकाशी आलं, मोबाइल पुढे धरून. "वहिनी, हे तुमचंच ना?" घर विकण्याची जाहिरात होती. 'प्रशस्त बाग, नुकतंच रंगवलेलं लाकडी कुंपण.' फोटो तोच. फक्त मला कापून काढलं होतं. खाली कोपऱ्यात ब्रश धरलेली माझी बोटं तेवढी राहिली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी घासायचं, मी पाठ मोडून घ्यायची, आणि यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं! मी राहावं म्हणून रंगवलं, आणि त्याच रंगानं माझं घर विकायला काढलं. फोन केला तर सूनबाईनं उचलला. "अहो आई, रविवारी लोक नुसते बघायला येतायत. शेवटी सही तुम्हालाच करायचीय ना?" घर माझ्या नावावर आहे. माझी सही म्हणजे यांच्या लेखी पाहुण्यांपुढे ठेवायचं पाणी, नुसता उपचार.

रविवारी सकाळी मी फाटक रंगवायला घेतलं. आतून, बाहेरून, कडीसुद्धा. दाट हात दिला. गाडी थांबली. चिरंजीव उतरले, मागून घर बघायला आलेले नवरा-बायको उतरले, चांगले कपडे घालून.

"आई, फाटक उघड."

"ओलं आहे. हात लावू नका."

"आजच रंगवायचं होतं? लोक येणार म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू कुठे सांगितलंस? जाहिरातीनं सांगितलं." मग मी त्या जोडप्याला म्हटलं, "तुमचा काही दोष नाही. पण हे घर विकायचं नाहीये."

ती बाई समंजस होती. नवऱ्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

"लोकांसमोर शोभतं का हे?" मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्याच काळजीनं करतोय ना मी."

"काळजी होती तर विचारायचं होतंस." माझा आवाज कापायला लागला होता, कापू दिला. "अरे, मला काय वाटत नाही? संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. हे गेल्यापासून कितीदा मनात आलं, जावं तुझ्याकडे. तू 'होत नाही' म्हणालास, 'चल' म्हणालास, फोटो मागितलास आणि त्यातून मलाच कापलंस. 'येतेस का' असं एकदा विचारलं असतंस तर बहुतेक हो म्हटलं असतं मी."

नकळत आधाराला त्यानं फाटकावर हात टेकला, मग हिरवा झालेला तळवा बघत राहिला. एवढा मोठा माणूस, कान लाल झाले होते.

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "येतेस का, आई?"

तो मनापासून विचारत होता, मला कळतं. म्हणून मीही उगाच तोडून टाकलं नाही, खरंच विचार केला. त्याच्या घराचा, तिथे गेल्यावर मी झोपते त्या खोलीचा, या बागेचा, माझ्या संध्याकाळींचा.

"नाही," मी म्हटलं. "पण विचारलंस, बरं वाटलं."

मग टर्पेंटाइनचं फडकं फाटकावरून त्याच्या हातात दिलं. आत मात्र त्याला फाटक वाळल्यावरच घेतलं.